एक उताणा, एक पालथा

बांबूच्या नळकांड्यात शंभर काड्या हलवल्या की होणारा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणी सुपात ज्वारी पाखडतंय. मरोळला ज्वारी कोण पाखडणार? तिथे सगळी भातशेती. पण मी नुकताच बार्शीकडून आलो होतो आणि गावाकडचा आवाज कुठूनही ऐकू येईल अशी तेव्हा माझी अवस्था होती. रविवारची दुपार होती. खोलीच्या दारातून वाकून पाहिलं, तर ओटीवर घरमालक पाय लांब सोडून पाटावर बसले होते. समोर भाजी विकणारी एक बाई गुडघे टेकून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी नळकांडं हलवत होती. हलता हलता एक काडी बाकीच्यांच्या वर सरकत आली, वाकली आणि लादीवर पडली. मालकांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"एकसष्ट," ते म्हणाले. "तुझी मेंढरं दगड झालीत गं. बस, सांगतो."

एखाद्या माणसाच्या घरात राहायला यावं आणि पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर पडावं, याचं मला आजही नवल वाटतं.

सगळं गावठाण त्यांना मिस्त्री म्हणे. मी मिस्त्रीकाका म्हणू लागलो. घराणं मरोळचंच, कित्येक पिढ्यांचं ख्रिस्ती, घरात मराठी, दारासमोर क्रूस आणि क्रूसापाशी झेंडूची झाडं. तरुणपणी ते बोटीवर सुतार होते. त्यांच्या वरचा मोठा सुतार चिनी होता. मिस्त्रीकाका त्याचा उल्लेख 'माझा म्हातारा' असाच करत. दुपारी डेकवर फळ्यांना रंधा मारताना म्हातारा बोटीवरच्या मोडक्यातोडक्या हिंदीत एकेका काडीची गोष्ट सांगे. पुढे तो आजारी पडला, हाँगकाँगला उतरला, आणि उतरताना हे नळकांडं मिस्त्रीकाकांच्या हातात देऊन गेला.

"तिकडं देवळात काडीबरोबर कागद मिळतो," काका सांगत. "त्याच्यावर गोष्ट लिवलेली असते. माझ्याकडे कागद नाय. म्हाताऱ्यानं साठेक गोष्टी सांगितल्या. बाकीच्या काड्या बिनगोष्टीच्या."

बिनगोष्टीची काडी पडली की ते ती मान वाकडी करून थोडा वेळ न्याहाळत आणि समोरच्याला म्हणत, "हिची गोष्ट अजून व्हायचीय. जा, जगून ये, मग मला सांग." विशेष हे की माणसं खरोखर येत. वर्षा-दोन वर्षांनी येऊन, ओटीवर बसून, काय झालं ते सांगत. मग ती त्या काडीची गोष्ट होई आणि पुढच्या माणसाला सांगितली जाई. मी राहायला आलो तोवर चीनमधल्या राजांच्या आणि साधूंच्या जोडीला मरोळची दोन-चार माणसंही त्या नळकांड्यात जाऊन बसली होती.

नियम मात्र कडक. पैसे घ्यायचे नाहीत, एक संत्रं आणायचं. प्रश्न मनात ठेवायचा, डोळे मिटायचे, काडी पडेपर्यंत उघडायचे नाहीत. आणि काडी पडली म्हणजे ती आपलीच, असं समजायचं नाही. त्यासाठी दोन चंद्र होते. बांबूच्या मुळापासून कोरलेले, संत्र्याच्या फोडीसारखे, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. ते लादीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर देव हो म्हणाला, काडी तुझी. दोन्ही पालथे पडले तर नाही. आणि दोन्ही उताणे पडले, फुगीर पोटावर डुगडुगत राहिले, तर देव हसला.

"हसला म्हणजे काय?" मी एकदा विचारलं.

"हसला म्हणजे हसला. नाय म्हणाला नाय. तुझा प्रश्न त्याला गमतीचा वाटला."

तीनदा टाकायचे. तिसऱ्या खेपेपर्यंत हो आलं नाही तर काडी नळकांड्यात परत, आणि माणूस आपल्या घरी, पुढच्या रविवारपर्यंत.

चीनशी लढाई झाली तेव्हा, म्हणजे माझ्या आधी काही वर्षं, कुणीतरी कळवलं की या घरात चिनी लिहिलेलं काहीतरी आहे. चौकशीला एक हवालदार आला. ही हकीकत मला काकांच्या पत्नीनं सांगितली. त्यांना मी मावशी म्हणत असे. हवालदारानं नळकांडं उलटंपालटं केलं, काड्या मोजल्या, आणि मग टोपी काढून हळूच विचारलं की बदलीचं यात कळतं का. काकांनी त्याला गुडघ्यावर बसवलं. तिन्ही वेळा देव हसला. हवालदार म्हणाला, "आणखी एकदा टाकू द्या की." काका म्हणाले, "तीन म्हणजे तीन. तू पोलिस असशील, हा देव हाय." तो बिचारा पुढचे तीन रविवार संत्रं घेऊन येत राहिला. शेवटी एक बिनगोष्टीची काडी लागली. वर्षानं परत येऊन त्यानं आपली गोष्ट सांगितली, तेव्हापासून ती हवालदाराची काडी.

काकांचे कान विलक्षण होते. मागच्या अंगणात रंधा मारत असले तरी ओटीवर चंद्र कसे पडले ते ओरडून सांगत. पालथा पडतो तो थप्प करून गप्प बसतो, उताणा डुगडुगतो. दोन वर्षांत मलाही तो फरक कळायला लागला. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा बोटीवर फळी पडून चपटा झाला होता. गोष्ट रंगात आली की तो आपोआप हलायचा.

माझ्या त्या दोन वर्षांतल्या रविवारच्या दुपारी आता एकच लांब दुपार झाल्या आहेत. सकाळचं कॉलेज अंधेरीला, दुपारपासून नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम, असे सहा दिवस जात. सातव्या दिवशी मी खोलीत चटईवर पुस्तक छातीवर घेऊन पडलेला असे, आणि दाराबाहेर काका कुणाला तरी एकसष्ट सांगत असत. एक गरीब पोर डोंगरात मेंढरं राखायला जातं. एक साधू त्याला गुहेत घेऊन जातो. थोरला भाऊ त्याला चाळीस वर्षं शोधतो, आणि सापडल्यावर पहिला प्रश्न काय विचारतो, तर "मेंढरं कुठायत?" धाकटा डोंगरउताराकडे बोट दाखवतो. तिथे नुसते पांढरे दगड. मग तो हाक मारतो, आणि दगड एकेक करून उठून उभे राहतात.

गावठाणाच्या मागे दगडाची खाण होती. उन्हात ते तोडलेले दगड पांढरे दिसत. अर्धवट झोपेत मला कितीदा तरी वाटलं आहे की ते आत्ता उठतील, अंग झटकतील आणि आमच्या बार्शीच्या रस्त्याला लागतील. कुणी हाक मारायचीच खोटी होती.

एक सांगायला हवं. या सगळ्यावर माझा विश्वास नव्हता. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि शिकलेल्या माणसानं असल्या गोष्टी मानू नयेत असं आमच्या हेडमास्तरांनी मनावर ठसवलेलं. मी ऐकत असे, हात लावत नसे. काका मला चिडवत. मी शिक्षक नव्हतो, तरी पुस्तकं बाळगतो म्हणून ते मला मास्तर म्हणत. "काय रे मास्तर, तुझ्या पुस्तकात याचं उत्तर हाय काय?"

मग ते पोस्टकार्ड आलं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी एकदा बसलो होतो आणि इंग्रजीत नापास झालो होतो. दुसऱ्यांदा बसायला महिनाभर उरला होता. वडिलांना लिहिता येत नसे; गावातल्या कुणाकडून तरी त्यांनी लिहून घेतलं होतं. सोसायटीत कारकुनाची जागा झाली आहे. पाडव्याच्या आत हजर झालास तर तुझी, नाहीतर पाटलांच्या पुतण्याची. परीक्षेचं कुणी सांगावं. बहिणीचं लग्न बघायचं आहे. तुझ्या मनाला येईल तसं कर.

शेवटचं वाक्य सगळ्यात जड होतं. जाऊन यायचं असं काही नव्हतं. एकदा गेलो की मी परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि न जाता पुन्हा नापास झालो तर कोणत्या तोंडानं घरी जाणार, हेही ठाऊक होतं. तीन दिवस मी ते कार्ड इंग्रजीच्या पुस्तकात खूण म्हणून घालून फिरलो. चौथ्या दिवशी रविवार होता. मी कोपऱ्यावरून एक संत्रं आणलं आणि ओटीवर जाऊन उभा राहिलो.

काकांनी संत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नळा बंद हाय," ते म्हणाले.

नळकांडं बंद होतं हे खरं. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. चर्चचे फादर या काड्यांवरून काकांना दोनदा बोलले होते, आणि मावशींनी मध्ये पडून तोडगा काढला होता: त्या चाळीस दिवसांत नळकांडं त्यांच्या ट्रंकेत, लग्नातल्या लुगड्याखाली, कुलपात. इतक्या वर्षांत तो मोडला नव्हता. मी "बरं" म्हणून वळलो.

मावशी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "त्याच्या बापाचं कारट आलंय."

"तुला काय ठाऊक?"

"उघडं कारट. माझ्याच हातात दिलं पोस्टमननं. पाडव्याच्या आत बोलवलंय. पुढच्या रविवारी पाडवा होऊन गेलेला असेल."

काका थोडा वेळ बोटं मोजत राहिले. मग म्हणाले, "चाळीस दिवसांत रविवार धरत नाय."

"कोण बोललं?"

"फादरच बोलले. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजून बघ, चाळीसाच्या वर भरतात. रविवार वगळले तर बरोबर चाळीस. म्हणजे आज उपासाचा दिवस नाय."

"इतकी वर्षं नाय आठवलं ते."

"इतकी वर्षं मास्तरनं संत्रं नाय आणलं."

मावशी उठल्या, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि आत गेल्या. नळकांडं आणून माझ्या हातात देताना त्यांनी ते पदरानं पुसलं आणि स्वतःवर क्रूसाची खूण केली.

मी गुडघे टेकले. डोळे मिटले. आतून तो ज्वारीचा आवाज आता माझ्या छातीला लागून येत होता. किती वेळ हलवत होतो कोण जाणे. मध्येच मला आईचे हात दिसले, सूप झेलणारे, आणि त्याच वेळी काहीतरी लादीवर पडलं.

"बावीस," काकांचा आवाज आला. "चंद्र टाक. डोळे मिटलेलेच ठेव."

मी टाकले. थप्प, थप्प. "नाय," काका म्हणाले. पुन्हा टाकले. थप्प, थप्प. "नाय." तिसऱ्यांदा टाकले. या वेळी दोन्ही डुगडुगले, बराच वेळ, एकमेकांच्या पाठोपाठ. देव हसत होता. म्हणजे काडी परत जाणार, पुढचा रविवार येणार आणि तोवर पाडवा होऊन गेलेला असणार.

या वेळी काकांनी कसे पडले ते सांगितलं नाही. मी त्यांचं न ऐकता डोळे जरासे किलकिले केले.

तो चपटा अंगठा लादीवरून हळूहळू पुढे येत होता. एखादं म्हातारं कासव यावं तसा. त्यानं जवळच्या चंद्राच्या टोकावर अलगद भार दिला. चंद्र कलंडला. थप्प. अंगठा मागे गेला. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"उघड," काका म्हणाले. "एक उताणा, एक पालथा. हो म्हणाला."

हवालदाराला चौथी खेप न देणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मावशी पुन्हा तांदळात वाकल्या होत्या.

"बावीसची गोष्ट," काका सांगू लागले. "नदीकाठी एक म्हातारा मासे धरायला बसायचा. गळ कसा? सरळ. सुईसारखा. वर आमिष नाय. आणि पाण्यात पण नाय, पाण्याच्या हातभर वर लटकवलेला. लोक हसायचे. बायको सोडून गेली. तो बसायचा. ऐंशी वर्षांचा झाला. एके दिवशी राजा तिकडून चालला होता, तो थांबला. बोलला, हा काय प्रकार? म्हातारा बोलला, ज्याला यायचं तो वर येईल. राजा त्याला रथात घालून घेऊन गेला, आणि पुढं राज्य त्याच्या सल्ल्यानं चाललं."

मी थांबलो. गोष्ट तिथेच संपली होती.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"मी भविष्य सांगत नाय. गोष्ट सांगतो. संत्रं सोल."

आम्ही तिघांनी ते संत्रं खाल्लं. तीन दिवस न कळलेली गोष्ट त्या तीन फोडी खाताना मला कळली, आणि ती बावीस नंबरच्या काडीत नव्हती. मी परीक्षेला बसावं असं कुणालातरी इतकं वाटत होतं की त्यासाठी तो आपल्या देवाला पायानं ढकलायला तयार झाला होता. त्याच संध्याकाळी मी वडिलांना लिहिलं की जागा पाटलांच्या पुतण्याला जाऊ द्या.

वडिलांचं उत्तर आलं नाही. मी महिनाभर पहाटे उठून ओटीवर मोठ्यानं इंग्रजी वाचत असे, आणि आतून काका म्हणत, "ते वाक्य परत घे, पटलं नाय." त्यांना इंग्रजी बोटीपुरतंच येत होतं.

निकाल लागला तेव्हा मी डझनभर संत्री आणली. वडीलही आले, पहिल्यांदाच मुंबईत, धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा बांधून. काकांनी मोठ्या मानानं नळकांडं त्यांच्यापुढे धरलं. वडिलांनी त्याला हात लावून नमस्कार केला आणि ते परत दिलं. "माझं देवाकडं मागून झालंय," म्हणाले. मग दोघं म्हातारे शेंगा फोडत बसले. एकाला पीक कळत होतं, एकाला लाकूड. बोलणं फारसं झालं नाही, पण टरफलांचा ढीग मोठा झाला.

पुढे मी खरोखरच मास्तर झालो. मुलुंडच्या एका शाळेत लागलो, तिकडेच खोली घेतली. मरोळला जाणं महिन्याचं झालं, मग सणासुदीचं. अंगठ्याचा विषय मी कधी काढला नाही. त्यांनीही नाही.

पाच-सहा वर्षांनी मावशींचं कार्ड आलं, शेजारच्या मुलीच्या अक्षरात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतो, हा ऐकत नाही. तू ये.

मी रविवारी संत्रं घेऊन गेलो. काका पाटावरच होते, पाय लांब, पण तोंड भलत्याच दिशेला. डोळ्यांवर साय धरल्यासारखी दिसत होती.

"मास्तर ना? चपलांचा आवाज तोच हाय."

"ऑपरेशन का करत नाही, काका?"

"म्हातारा सांगायचा, चाकू डोळ्याला लागला की गोष्टी गळून जातात. आणि मला दिसतंय काय, नाय दिसत काय. ऐकू येतं तेवढं पुरे."

"काडीवरचा आकडा वाचता येतो?"

मावशी आतून म्हणाल्या, "दोन महिने झाले, आलेल्या माणसाला परत पाठवतोय."

काकांनी इतक्या वर्षांत स्वतःसाठी काडी काढली नव्हती. ज्याचं नळकांडं त्यानं स्वतःसाठी हलवायचं नाही, असाही एक नियम होता. त्या दिवशी ते मला म्हणाले, "तू हलव. माझ्या वतीनं. हो आलं तर जातो. नाय आलं तर परत हा विषय नाय. तीन म्हणजे तीन."

मी गुडघे टेकले. काडी लवकर पडली. आडव्या-उभ्या रेघांचे ते आकडे मला त्यांनीच शिकवले होते. "सत्तेचाळीस," मी वाचलं.

"बिनगोष्टीची," ते म्हणाले. "टाक."

थप्प, थप्प. "दोन्ही पालथे," मी खरं सांगितलं. पुन्हा थप्प, थप्प. "पालथे." तिसऱ्यांदा मी चंद्र ओंजळीत बराच वेळ धरून ठेवले. मावशी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. टाकले. थप्प, थप्प.

ओटीवर इतकी शांतता होती की मागच्या खाणीत कुणी दगड घडवत होतं तेही ऐकू येत होतं. मी उजवा पाय पुढे केला. माझा अंगठा अशा कामाला सरावलेला नव्हता. एका चंद्राच्या खाली तो घालून मी हळूच उचलला. चंद्र उलटला आणि, जरा उशिरानं, एकटाच डुगडुगला.

काकांची मान त्या आवाजाकडे वळली.

"कसं पडलं?" त्यांनी विचारलं.

"एक उताणा, एक पालथा."

त्यांचा चपटा अंगठा, गोष्ट सांगताना हलायचा तसा, दोनदा हलला.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "काडी बिनगोष्टीची हाय. कुणीतरी जाऊन यायलाच पायजे."

ऑपरेशन नीट झालं. जाड भिंगांचा चष्मा आला त्या रविवारी मी गेलो, तर ओटीवर एक अनोळखी बाई गुडघे टेकून बसलेली आणि काका काडी नाकाशी धरून वाचत होते. भिंगांमागे त्यांचे डोळे माशासारखे मोठे दिसत होते. मी पायरी चढलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"चपला काढ," ते म्हणाले.

मी काढल्या. त्यांनी वाकून माझा उजवा अंगठा नीट, निवांत बघून घेतला, जसा सुतार सांधा बघतो.

"मला वाटलं चपटा झाला असेल," ते म्हणाले. मग त्या बाईकडे वळून त्यांनी पाय लांब सोडले. "हं. तर सत्तेचाळीस. एक माणूस होता. त्याला दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं यायचं."